‘अंड्याच्या क्वालिटी’साठी गेलेले अकरा महिने: सोलापुरातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. नवरा-बायको दोघांनी हे लिहायला होकार दिला आहे.

ताई आमच्या दवाखान्यात पहिल्यांदा आल्या त्या जानेवारी २०२३ मध्ये, सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा अजून भरलेला होता तेव्हा. वय ३६ वर्षं ८ महिने, लग्नाला नऊ वर्षं. एका पतसंस्थेत कारकून. मिस्टर चाळिशीचे, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डाइंग खात्यात सुपरवायझर. माहेर-सासर दोन्हीकडे विडीचं काम. सासूबाई आजही मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात.

तेहतिसाव्या वर्षी एकदा दिवस राहिले होते, पण आठव्या आठवड्यात गर्भ पडला. पिशवी साफ केली, तपासायला काही पाठवलं नाही. त्यानंतर दोन वर्षं काहीच घडलं नाही, म्हणून त्या एका वंध्यत्व केंद्रात गेल्या. तिथे एएमएच (अंड्यांच्या साठ्यासाठीची रक्ततपासणी) ०.८ आलं आणि सांगण्यात आलं, ‘अंड्यांची क्वालिटी खराब आहे, आधी ती सुधारू.’ तीन महिन्यांचा कोर्स सुरू झाला: डीएचईए हे हार्मोन दिवसाला ७५ मिलिग्रॅम, कोएन्झाइम क्यू-टेन, अँटिऑक्सिडंटच्या दोन गोळ्या आणि प्रोटीन पावडर. कोर्स संपल्यावर एएमएच १.१ आलं. ‘फरक पडतोय’ म्हणून आणखी तीन महिने दिले. मधे पैशांची ओढाताण झाली तेव्हा थोडा खंड पडला. तिसऱ्यांदा केलं तेव्हा ०.७ आलं आणि पुढची पायरी सुचवली गेली: अंडाशयात पीआरपी, म्हणजे स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेटचं इंजेक्शन. त्यासाठी दहा हजार आगाऊ भरले होते आणि तारीख आठ दिवसांवर होती.

माझ्यासमोर बसून त्यांनी फाइल पुढे सरकवली. ‘मॅडम, बाकी काही नको. पीआरपी करू का नको, तेवढं सांगा.’

अडचण नेमकी कुठे होती

फाइल जाड होती. अकरा महिन्यांत तीन वेळा एएमएच, चार वेळा सोनोग्राफी, औषधांच्या पावत्यांचा गठ्ठा. वीर्यतपासणी मात्र एकच, चार वर्षांपूर्वीची, ‘नॉर्मल’ असा शिक्का असलेली. थायरॉइड दोन वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं.

पहिली चूक शब्दाचीच झाली होती. एएमएच म्हणजे अंडाशयात अंड्यांचा साठा किती उरलाय याचा अंदाज. ती अंडी कशी आहेत हे त्यातून कळत नाही. साठा कमी असलेल्या तिशीच्या बाईची अंडी बऱ्याचदा चांगली असतात आणि साठा भरपूर असलेल्या बेचाळिशीच्या बाईची बरीचशी सदोष निघतात. ‘क्वालिटी’ म्हणतो ती मुख्यतः वयाने ठरते, आणि तिचं कारण अगदी यांत्रिक आहे. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिची सगळी अंडी तयार होतात आणि विभाजनाच्या अर्ध्या वाटेवर थांबून राहतात. ज्या महिन्यात एखादं अंडं फुटायला निघतं त्या महिन्यात ते विभाजन पुढे सरकतं. तोवर गुणसूत्रांच्या जोड्या धरून ठेवणारी प्रथिनं तीस-पस्तीस वर्षं जुनी झालेली असतात. ताईंना मी हे शिलाईच्या भाषेत सांगितलं: कापड तेच आहे, टाका विरलाय. टाका विरला की गुणसूत्रांची वाटणी चुकते. पस्तिशीच्या आसपास साधारण तिसरा हिस्सा भ्रूणांत ही चूक सापडते, चाळिशीत निम्म्याहून जास्त भ्रूणांत. हा टाका पुन्हा घालणारी गोळी आजतरी नाही.

दुसरी चूक आकड्याच्या वाचनात होती. ०.८, १.१, ०.७ हे तिन्ही आकडे एकाच बाईचे, पण मधला वेगळ्या लॅबचा. एएमएच पाळीगणिक आणि लॅबगणिक एवढं वरखाली होतंच. त्याला सुधारणा समजून आणखी एक कोर्स दिला गेला, ही या प्रकरणातली मला सर्वांत जास्त सलणारी गोष्ट आहे. तेवढ्या काळात त्यांचं वय मात्र खरोखर वाढत होतं.

तिसरी चूक माझी. पहिल्या भेटीत केसपेपरवर ‘व्यसन: नाही’ असं माझ्याच अक्षरात आहे. दुसऱ्या भेटीला त्या सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला आल्या. बोलताना त्यांच्या खालच्या हिरडीच्या कडेला काळपट रेघ दिसली.

‘ताई, तंबाखू घेता का?’

‘नाही ओ मॅडम, तंबाखू कुठली. मिश्री लावते तेवढीच.’

‘दिवसातून किती वेळा?’

‘सकाळी उठल्यावर. मग दुपारी डबा खाल्ला की. आणि रात्री, झोपताना. नाही लावली की डोकं धरतं.’ त्यांनी पर्समधून स्टीलची डबी काढून टेबलावर ठेवली. चुन्याच्या डबीएवढी, झाकणाची कडा झिजून पिवळी पडलेली. आत भाजलेल्या तंबाखूची काळी पूड. दहाव्या-अकराव्या वर्षापासून, आईच्या डबीतूनच सुरुवात झालेली.

अकरा महिने अंड्यांच्या क्वालिटीवर उपचार चालले होते आणि या काळात एकाही डॉक्टरने, माझ्यासकट, हे विचारलं नव्हतं. विचारलं तेव्हा शब्द चुकीचा वापरला. आपल्याकडे मिश्री हे दंतमंजन आहे, तंबाखू म्हणजे पान-मावा खाणाऱ्या पुरुषांचं काम. सिगारेट ओढणाऱ्या बायकांची पाळी सरासरी एक-दोन वर्षं आधी जाते आणि त्यांच्या अंड्याभोवतीच्या द्रवात निकोटिनचे अंश सापडतात. मिश्रीतलं निकोटिन तेच. गरोदरपणात तर ती नकोच: बिनधुराची तंबाखू घेणाऱ्या बायकांची बाळं कमी वजनाची आणि अपुऱ्या दिवसांची जन्मतात, हे २००४ मध्ये मुंबईतल्या मोठ्या अभ्यासात दिसलेलं आहे.

नव्या तपासण्यांत आणखी चार गोष्टी निघाल्या. सोनोग्राफीत दोन्ही अंडाशयांत मिळून पाचच बीजपुटिका, म्हणजे अंडी वाढतात त्या छोट्या पिशव्या. थायरॉइडसाठीचं टीएसएच वाढलेलं, ६.१. हिमोग्लोबिन कमी, ९.४. आणि वीर्यतपासणीत सरळ पुढे जाणारे शुक्राणू १९ टक्के, जिथे किमान ३० अपेक्षित असतात. मिस्टर दिवसातले दहा तास डाइंगच्या वाफेत उभे राहतात आणि मावा खातात. ‘चार वर्षांपूर्वी नॉर्मल होतं की,’ ते म्हणाले. एक शुक्राणू तयार व्हायला जेमतेम अडीच महिने लागतात, चार वर्षांपूर्वीच्या रिपोर्टला आज काही अर्थ नसतो.

समोरचे पर्याय

पीआरपीचा प्रश्न आधी संपवला. स्वतःचंच रक्त काढून, यंत्रात फिरवून, त्यातला प्लेटलेटचा भाग सुईने अंडाशयात सोडतात. ऐकायला नैसर्गिक वाटतं, म्हणून लोक पटकन तयार होतात. पण त्याने बाळ होण्याची शक्यता वाढते असं नीट केलेल्या चाचण्यांत सिद्ध झालेलं नाही आणि युरोपातल्या वंध्यत्वतज्ज्ञांच्या ‘एश्रे’ या संस्थेने पुढे त्याच वर्षी काढलेल्या मार्गदर्शनात त्याची शिफारस केलेली नाही. मी ‘नको’ म्हटलं. मिस्टरांनी केंद्राला लेखी पत्र दिलं आणि आगाऊ रकमेपैकी निम्मी परत मिळाली.

गोळ्यांचं काय? डीएचईए बंद केलं. त्याचा पुरावा कच्चा आहे आणि ताईंच्या हनुवटीवर राठ केस येऊ लागले होते, पाठीवर पुरळ होतं. पतसंस्थेच्या काउंटरवर बसताना त्या पदर हनुवटीपर्यंत ओढून घेत, हे त्यांनी मला फार संकोचून सांगितलं. कोएन्झाइम क्यू-टेनबद्दल माझं मत जरा मवाळ आहे. २०१८ मध्ये चीनमध्ये झालेल्या चाचणीत साठा कमी असलेल्या, पस्तिशीच्या आतल्या बायकांना ते दोन महिने दिलं तेव्हा अंडी आणि चांगली भ्रूणं जास्त मिळाली, मात्र बाळ जन्माला येण्यात ठाम फरक दिसला नाही. ताई पस्तिशीच्या पुढच्या. म्हणून सांगितलं, ‘घरात उरलंय तेवढं घ्या. पण त्याच्यासाठी एक दिवसही थांबायचं नाही.’ गोळीपेक्षा गोळीच्या नावाखाली होणारं थांबणं महाग पडतं.

मग उरले खरे पर्याय. पाचच पुटिका आणि शुक्राणूंची ही चाल पाहता आययूआयमध्ये, म्हणजे वीर्य थेट गर्भाशयात सोडण्यात, वेळ घालवण्यात अर्थ नव्हता. स्वतःच्या अंड्यांनी टेस्ट ट्यूब. दात्या स्त्रीचं अंडं. दत्तक. किंवा इथेच थांबणं, हासुद्धा पर्याय म्हणूनच मी बोलले, कारण तो कुणी उच्चारतच नाही. दात्याच्या अंड्याबद्दल २०२१ च्या कायद्यातल्या अटी सांगितल्या: दाती २३ ते ३५ वयाची, आयुष्यात एकदाच, सातपेक्षा जास्त अंडी काढायची नाहीत. मिस्टर गप्प राहिले. ताई म्हणाल्या, ‘आधी माझं बघू. मग ते.’

सगळ्यात अवघड निर्णय वेळेचा होता. अंड्याची पुटिका वाढीला लागून फुटेपर्यंत साधारण तीन महिने जातात, शुक्राणूला अडीच. म्हणजे मिश्री-मावा सोडून तीन महिने थांबावं असं शास्त्र म्हणतं. पण ‘तीन महिने थांबा’ हेच वाक्य त्यांनी आधी दोनदा ऐकलं होतं, आणि सदतिसावं दारात होतं. मी दोन रात्री यावर विचार केला, पुण्यातल्या सहकाऱ्याशी बोलले. शेवटी असं ठरवलं की थायरॉइड जागेवर आणायला, रक्त वाढवायला आणि पैसे उभे करायला सहा-आठ आठवडे लागणारच आहेत. तेवढ्यात जे सुटेल ते सुटेल. गुढीपाडव्यानंतरच्या पहिल्या पाळीला इंजेक्शनं सुरू. मिश्री सुटली असो वा नसो.

आणि एक गोष्ट आधीच कागदावर लिहून घेतली: अंडी दोनदाच काढायची. तिसऱ्यांदा काढायची वेळ आली तर आधी एक महिना काहीही न करता घरी बसून विचार.

काय केलं

मिश्री सोडणं हे सगळ्यात मोठं काम ठरलं. पहिले दहा दिवस डोकेदुखी, पोट साफ न होणं, चिडचिड. आधी दुपारची बंद केली, मग सकाळची. रात्रीची शेवटपर्यंत टिकली, कारण ती लावताना सासू-सून ओट्यावर बसून बोलायच्या. घरात दिवसभरातला तेवढाच एक निवांत वेळ. त्यांनी ते बसणं ठेवलं आणि डबीच्या जागी भाजलेला ओवा आणला. चौथ्या आठवड्यात सासूबाई स्वतः दवाखान्यात आल्या. ‘माझीच डबी ती तोंडाला लावायची ओ डॉक्टर. आता मी आत जाऊन लावते, तिच्यासमोर नाही.’ मार्चअखेर ताईंची मिश्री सुटली. मिस्टरांचा मावा कमी झाला, सुटला नाही. टीएसएच २.३ वर आलं, हिमोग्लोबिन ११ च्या जवळ.

अंडी पुण्यात काढायची, सोनोग्राफ्या मी इथे करायच्या, अशी वाटणी केली. त्यामुळे ताईंच्या दहा-बारा फेऱ्या वाचल्या आणि रजाही. इंजेक्शनं थंडच ठेवावी लागतात. एप्रिलमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीपार असताना मिस्टर ती बर्फाच्या थर्मासमधून आणायचे आणि फ्रिजच्या दारात न ठेवता मधल्या कप्प्यात ठेवायचे, दाराशी थंडावा कमी म्हणून. शेवटचं इंजेक्शन रात्री साडेदहाला होतं, त्यानंतर बरोबर छत्तीस तासांनी अंडी काढायची. सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस वेळेवर पोचली तरी पुण्यात धावपळ होणार, म्हणून आदल्या दिवशीच हडपसरच्या नणंदेकडे मुक्काम केला.

पहिल्या वेळी तीन अंडी मिळाली. दोन पक्व, एक फळलं आणि तिसऱ्या दिवशी वाढ थांबली. हाती काहीच नाही.

जूनमध्ये दुसऱ्यांदा पाच मिळाली. चार पक्व, तीन फळली, त्यातली दोन पाचव्या दिवसापर्यंत पोचली. दोन्ही गोठवून ठेवली. ‘मिश्री सुटल्यामुळेच ना मॅडम?’ ताईंनी फोनवर विचारलं. मला ‘हो’ म्हणायचा मोह झाला. पण एकाच बाईच्या दोन वेळांत एवढा फरक आपोआपही पडतो. मी म्हटलं, ‘असेलही. सांगता येणार नाही. सुटली हे मात्र चांगलंच झालं.’

गोठवण्याआधी भ्रूणांची गुणसूत्रं तपासायची का, हा प्रश्न तेव्हा आला होता. खर्च मोठा, भ्रूणं दोनच आणि तपासणीने भ्रूण सुधारत नाही, फक्त निवड होते. दोघांनी नको म्हटलं, मीही फार आग्रह धरला नाही.

निष्पत्ती

ऑगस्टमध्ये पहिलं भ्रूण सोडलं आणि दिवस राहिले. साडेसहाव्या आठवड्यात ठोके दिसले. तो स्क्रीन मिस्टरांनी मोबाइलवर टिपून घेतला. नवव्या आठवड्यात ठोके नव्हते.

पितृपंधरवडा चालू होता. ताई पलंगावरच विचारू लागल्या, ‘मी इतकी वर्षं लावली म्हणून झालं का हे?’ हा प्रश्न त्यांच्या तोंडी मीच घातला होता. डबी टेबलावर आली त्या दिवशी मी त्यांना एक कारण दिलं, आणि बाईच्या हातात कारण दिलं की ती ते आधी स्वतःवरच उगारते.

या वेळी गर्भाचा अंश तपासायला पाठवला. हा सगळ्या प्रकरणातला मला सर्वांत योग्य वाटणारा निर्णय, आणि तो मिस्टरांचा: ‘मागच्या वेळी काही कळलंच नाही, या वेळी कळू दे.’ रिपोर्ट नवरात्रात आला. सोळाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती. गर्भपातात सापडणाऱ्या तीन प्रतींच्या चुकांत सर्वांत जास्त वेळा दिसते ती हीच, आणि ती जवळपास नेहमी अंड्याच्या विभाजनात होते, बाईच्या वयाशी बांधलेली. मी कागदावर तेवीस जोड्यांच्या रेघा काढून सोळावी दाखवली. ‘ही चूक मिश्रीने होते असा पुरावा नाही. तुम्ही काही खाल्लं, काही उचललं, कुठे गेलात म्हणूनही होत नाही.’ ताई बराच वेळ त्या रेघांकडे बघत राहिल्या. मग कागद घडी करून पर्समध्ये ठेवला, पूर्वी डबी असायची त्याच कप्प्यात. दोघांची गुणसूत्रंही तपासली, ती ठीक निघाली.

फेब्रुवारी २०२४ मध्ये दुसरं भ्रूण सोडलं. ते रुजलं नाही.

मिस्टर तिसऱ्यांदा अंडी काढायला तयार होते, कुंभारीजवळचा गुंठाभर प्लॉट विकायची भाषा करत होते. लिहून ठेवलेला कागद मी काढला. एक महिना त्यांनी घरी काढला, मग आले. ताई म्हणाल्या, ‘माझी अंडी पुरे. आणि दुसऱ्या बाईचंही नको, इंजेक्शनं पुरे झाली मला.’ वर्षअखेरीस त्यांनी ‘कारा’ या केंद्र सरकारच्या दत्तक संस्थेच्या पोर्टलवर दत्तकासाठी नाव नोंदवलं. दोन वर्षांखालच्या बाळासाठी जोडप्याच्या वयांची बेरीज ८५ च्या आत लागते, त्यांची ८० होती. घरी येऊन करतात ती पाहणी झाली आहे. आता वाट बघणं चालू आहे.

मागे वळून पाहताना

तेव्हाच्या अकरा महिन्यांत अंडी एकदा काढली असती तर निकाल वेगळा लागला असता का, हे छातीठोक सांगता येणार नाही. पावणेछत्तीस आणि सदतीस यांत जमीन-अस्मानाचा फरक नसतो. पण पाच पुटिका असलेल्या बाईसाठी एक जादा प्रयत्न म्हणजे दोन-तीन जादा अंडी, आणि पैसे तर कोर्समध्येच गेले होते.

भ्रूणतपासणीवर मी आज जास्त वेळ बोलले असते. खर्च आणि यशाचा आकडा एवढंच सांगून मी थांबले होते. भ्रूणात गुणसूत्राची जादा प्रत आहे हे आधी कळलं असतं तर बाळ मिळालं नसतंच, पण साडेसहा आठवड्यांचे ठोके बघून नवव्या आठवड्याला ते गमावणं वाचलं असतं. त्याची किंमत किती, हे ठरवायचा हक्क त्यांचा होता, आणि मी तो प्रश्न त्यांच्यापुढे त्या शब्दांत ठेवला नाही.

मिश्रीबद्दल विचारणं बरोबर होतं, मात्र त्याच दिवशी सोबत सांगायला हवं होतं की ही सोडायची ती पुढच्या बाळंतपणासाठी आणि तुमच्या तोंडासाठी, आजवरच्या अपयशाचा हिशेब म्हणून नाही. ते सांगायला मला नऊ महिने आणि एक गर्भपात लागला. मिस्टरांच्या माव्याकडे मी जेवढं लक्ष दिलं त्याच्या चौपट ताईंच्या डबीकडे दिलं, हेही खरं. ते दोघांचं एकत्र सोडणं ठरवायला हवं होतं.

आमच्या केसपेपरवर ‘व्यसन’ हा रकाना आता नाही. त्या जागी दोन ओळी आहेत, नवरा-बायको दोघांसाठी वेगळ्या: ‘सकाळी दात कशाने घासता?’ आणि ‘दिवसात तोंडात काय काय धरता?’ सिस्टर हे प्रश्न विचारतात तेव्हा आधी स्वतःचं उत्तर सांगतात. ‘मी पण लावायचे ओ ताई,’ असं म्हटलं की समोरची बाई पर्स उघडते.